‘ब्लॉची’ म्हणे!

आता मला सांगा, सगळी टीम मिटिंगमध्ये हजर, सगळ्यांचे कॅमेरे चालू, आणि अशा वेळी एखादीला "आज जरा ब्लॉची दिसतेयस गं, बरी आहेस ना?" असं विचारायची काय गरज असते? शेवटी ‘बरी आहेस ना’चं शेपूट लावलं की आधीचं सगळं माफ होतं असा या लोकांचा समज आहे. मी म्हटलं लाइटमुळे वाटत असेल. तर दुसरा एक, जो एरवी तासभर म्यूटवर असतो आणि थेट प्रश्न विचारला तरी ज्याला अनम्यूटचं बटण सापडत नाही, तो लग्गेच अनम्यूट होऊन म्हणाला, "नाही, लाइट ठीक आहे." मग सगळे जरा पुढे झुकले. ते झुकणं दिसतं हो, प्रत्येक चौकटीतलं डोकं मोठं होतं.

मिटिंग संपल्या संपल्या आरसा गाठला. होतं खरं काहीतरी. एका गालावर जास्त, दुसऱ्यावर कमी, हनुवटीच्या कडेला थोडं, मधूनच मूळ रंग डोकावतोय, भिंतीला ओल आल्यासारखं सगळं. कुणाशेजारी बांधली गेले होते कोण जाणे, पवळ्याला निदान गुण तरी लागला होता, मला नुसता वाण लागला.

पण मला राग डागांचा नव्हता, शब्दाचा होता. ब्लॉची हा शब्द मला माहीत होता तो कपड्यांच्या संदर्भात, छपाई बिघडली की, किंवा कागदावर शाई फुटली की. डिक्शनरी उघडून बघितली तर तिथेही तेच, रंग एकसारखा नसलेला, वेडेवाकडे डाग पडलेला, आणि उदाहरणात कोणीतरी बाई रडून उठलेली. हा शब्द कुठून आला तर म्हणे ब्लॉट म्हणजे शाईचा डाग आणि बॉच म्हणजे गळू, ह्या दोघांच्या मिसळणीतून झाला असावा. म्हणजे बघा, ती बाई भर मिटिंगमध्ये मला गळू आणि डाग दोन्ही एका शब्दात म्हणाली आणि वर बरी आहेस ना.

इंग्रजी भाषेत ह्या एका गोष्टीसाठी ढीगभर विशेषणं आहेत आणि त्यांच्यात चक्क जातिव्यवस्था आहे. झाडाखाली ऊन-सावलीची नक्षी पडली की ती डॅपल्ड. कुंडीतल्या रोपाच्या पानावर पांढरे पट्टे आले की ते व्हेरिगेटेड, आणि त्याचे लगेच जास्त पैसे. (त्या पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं, म्हणजे पानाचा तेवढा भाग कामाला जातच नाही, तरी कौतुक त्याचंच. आमच्या ऑफिसातही असे आहेत.) संगमरवर मॉटल्ड. कुत्रा ब्रिंडल्ड. विदूषकाचे कपडे मॉटली. हॅमेलिन गावातली १२८४ सालची पोरं घेऊन गेला म्हणतात तो बासरीवाला, तोही पाइड, कारण त्याचे कपडे रंगीबेरंगी. उंदीर पळवले, पोरं पळवली, तरी विशेषण कसं छान मिळालं बघा त्याला. आणि आपण वेळेवर लॉगिन झालो, रिपोर्ट आधी पाठवला, तर आपल्याला ब्लॉची. ‘आज अगदी डॅपल्ड दिसतेयस’ असं म्हणाली असती तर मी थँक्यू म्हणाले असते की.

मराठीत तरी कुठे सोय आहे म्हणा. बांडा, कवडा, अबलख, चितकबरा, सगळे शब्द कसे दमदार, पण सगळे गोठ्यातले नाहीतर पागेतले. माणसावर आलं की एकदम वांग, शिबं, कोड. म्हणजे एकतर गुरात जमा नाहीतर रोग्यात, मधलं काही नाहीच. आणि त्यातल्या कोड ह्या शब्दाला लोक अजून आवाज खाली आणून उच्चारतात, तो लागट नाही हे कितीही सांगा, समोरचा मान हलवतो आणि हळूच खुर्ची मागे घेतो. तो विषय काढला की माझं डोकं फिरतं, म्हणून इथेच सोडते.

तर गेले स्किनवाल्या डॉक्टरांकडे. टोकन घेऊन बसले. शेजारी एक काका. भरघोस पांढरी मिशी, मांडीवर फाइल, पलीकडे काकू मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडत होत्या. काका माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे माझ्या गालाकडे. माणूस नजरेला नजर भिडली की दुसरीकडे बघतो ना, ह्यांची नजर भिडतच नव्हती कारण ती वर डोळ्यांपर्यंत येतच नव्हती.

"गाल दाखवायला आलात?" काकांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"माहीत नाही. परवा कोणीतरी म्हणालं तेव्हा कळलं."

"काय म्हणालं?"

आता हे डॉक्टरांनी विचारायचे प्रश्न, पण टोकन पुढे सरकत नव्हतं आणि दोन दिवस हा शब्द माझ्या घशात अडकला होता. "ब्लॉची म्हणाली," मी सांगून टाकलं.

काकांनी खिशातून चष्मा काढून लावला. "ब्लॉची?" ते म्हणाले. "छे छे. ब्लॉची हा काही कलर नव्हे."

"तेच ना!" मला एकदम बरं वाटलं. जगात कोणीतरी आपल्या बाजूचं आहे.

"मी सगळी नोकरी घोड्यांत काढली," काका म्हणाले.

"झालं सुरू," काकू मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाल्या.

काकांचं काम असं होतं म्हणे की घोड्याची नोंदणी करताना त्याचं वर्णन लिहायचं. कागदावर घोड्याची नुसती बाह्यरेषा छापलेली असते, त्यात प्रत्येक पांढरी खूण जागच्या जागी लाल शाईने भरायची, अंगावर जिथे जिथे भोवरा असेल तिथे फुली मारायची, आणि बाजूला शब्दात लिहायचं. ते चुकलं तर एका घोड्याच्या कागदावर दुसराच घोडा पळतो. "एक शब्द चुकला तर माणसं कोर्टात जातात," काका म्हणाले, "आणि इथे लोक ब्लॉची म्हणून मोकळे!"

मला सांगायला हरकत नाही, इतकं मनापासून माझ्या वतीने कोणी चिडलं नव्हतं.

"आता बघा. काळा आणि पांढरा असेल तर पायबाल्ड. पांढरा आणि काळा सोडून दुसरा कुठलाही रंग असेल तर स्क्यूबाल्ड. लोक सरसकट सगळ्याला पायबाल्ड म्हणतात."

"मीही तेच समजत होते."

"सगळेच समजतात. अमेरिकेत तर सरळ पिंटो म्हणतात दोन्हींना. विषय संपला." हे सांगताना काकांना खरोखर त्रास होत होता. "आणि बाल्ड म्हणजे टकला नव्हे. पाय म्हणजे मॅगपाय, तो काळापांढरा पक्षी. बाल्ड म्हणजे पांढरा ठिपका असलेला, जुना अर्थ तो. तो अमेरिकेचा बाल्ड ईगल, तो काय टकला आहे?"

"नाही बहुतेक."

"बहुतेक काय! डोकं पांढरं आहे त्याचं! टकला नाहीये तो!"

समोरच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी पेपर खाली केला. त्यांना केस नव्हते. त्यांनी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पेपर परत वर केला पण वाचत नव्हते हे कळत होतं.

"मग मी स्क्यूबाल्ड का?" मी विचारलं. का विचारलं हे मला विचारू नका, वेटिंगमध्ये माणूस काहीही विचारतो.

काका मागे रेलले. मान तिरकी केली. मग उजेड नीट पडावा म्हणून मला जरा खिडकीकडे वळायला सांगितलं आणि मी वळले. "नाही," ते म्हणाले. "स्क्यूबाल्डला कडा स्पष्ट लागते. इथे रंग संपला, इथे सुरू झाला. तुमची कडा विरघळतेय."

"अहो!" काकू.

"मी कडेबद्दल बोलतोय."

"रोन?" हा शब्द मला कुठून आठवला देव जाणे.

"रोनमध्ये पांढरे केस मूळ रंगात सगळीकडे मिसळलेले असतात. पण डोकं आणि पाय सोडून. डोक्याचा रंग पक्का राहतो. तुमचं तर डोक्यालाच आहे."

"ब्रिंडल?"

"कुत्र्यात. घोड्यात क्वचित."

आता एकच शब्द उरला होता आणि मी तो मुद्दाम मागे ठेवला होता. "डॅपल्ड?" मी हळूच विचारलं.

काकांचा चेहरा एकदम मऊ झाला. चष्मा काढला, पुसला. "डॅपल," ते म्हणाले. "कसं आहे मॅडम, ग्रे घोडा जन्माला येताना ग्रे नसतोच. काळा असतो, तांबडा असतो, काहीही असतो. मग वर्षागणिक पांढरा होत जातो. त्या मधल्या काळात अंगावर अशा गोल गोल चकत्या उमटतात, कडेने गडद, आत फिकट. ते डॅपल. ऐन तारुण्य. खाऊनपिऊन सुखी जनावर, अंगावर चकाकी. बघत राहावं. काही वर्षं टिकतं, मग जातं." त्यांनी पुन्हा माझ्या गालाकडे बघितलं आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुमचं ते गेलंय."

मी काय बोलणार. समोरचा पेपर हलत होता, त्याच्यामागे तो माणूस हसत होता.

"गेल्यानंतर काय होतं?" मी विचारलं, कारण आता माघार घेण्यात अर्थ नव्हता.

"दोन वाटा. एकतर घोडा पूर्ण पांढरा होतो. नाहीतर पांढऱ्यावर बारीक बारीक तांबूस ठिपके उमटतात, मान, चेहरा, खांदा. त्याला म्हणतात फ्ली-बिटन ग्रे."

"म्हणजे?"

"पिसवा चावलेला," काका म्हणाले, आणि असं म्हणाले की माझ्या गळ्यात पदक घालतायत. "फार सुंदर दिसतो. मॅडम, फार सुंदर."

काकूंनी शेवटी मोबाइल खाली ठेवला. "तुम्ही त्यांना पिसवा चावलेली म्हणालात."

"घोड्याला म्हणालो!"

"घोडा कुठाय इथे?"

ह्याला काकांकडे उत्तर नव्हतं. पण माणूस गप्प बसणारा नव्हता. त्यांनी फाइलमधून एक रिकामं पाकीट काढलं, खिशातून पेन काढलं, लालच होतं, सवय हो, आणि पाकिटावर झरझर एका चेहऱ्याची बाह्यरेषा काढली. घोड्याचा नव्हे, माणसाचा, पण जबडा जरा लांबच. मग दोन्ही गाल, हनुवटी, जिथे जिथे माझे चट्टे होते तिथे लाल रेघांनी भरलं, आणि कपाळावर केसांच्या रेषेपाशी एक फुली मारली.

"इथे तुमचा भोवरा आहे," ते म्हणाले. "हे डॉक्टरांना दाखवा. त्यांना वर्णन करता येत नाही, मी बघितलंय."

तेवढ्यात माझा नंबर पुकारला. आणि मी ते पाकीट घेऊन आत गेले.

आत जे झालं ते इतक्या पटकन झालं की त्याचं सांगण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्याकडे जितका वेळ बघितलं त्यापेक्षा जास्त वेळ त्या पाकिटाकडे बघितलं आणि विचारलं, "हे कोणी काढलं? चांगलंय." मग विचारलं, नवीन काय लावताय. सनस्क्रीन, म्हटलं. बंद करा, म्हणाले. क्रीम लिहून दिलं. त्यांच्या केबिनमध्ये एसी असा सोडलेला की माझ्या हातांवर निळसर जाळी उमटली होती, ती बघून म्हणाले, हे मॉटलिंग, काही नाही, थंडीने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, कुठे रक्त पोचतं कुठे कमी, म्हणून जाळी दिसते, ऊब मिळाली की जाते, नवजात बाळांना तर हमखास होतं. बरं म्हटलं. त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी टकटक केलं आणि मी बाहेर. प्रिंटवर लिहिलेलं, स्किन: मॉटल्ड.

बघा म्हणजे. गेले ब्लॉची होऊन, आले मॉटल्ड होऊन. बढतीच म्हणायची की.

रात्री झोपायच्या आधी सहज म्हणून मॉटल्ड स्किन सर्च केलं. करू नका. हात जोडून सांगते, कोणीही करू नका. पहिली काही पानं सगळी शेवटच्या घटकेची. मग आयसीयू. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये तर त्याचा स्कोअरच काढून ठेवलाय, शून्य ते पाच, सेप्टिक शॉकमधल्या (म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या) पेशंटच्या गुडघ्याभोवती ही जाळी कुठवर पसरलीय त्यावरून मोजायचा, गुडघ्यावर नाण्याएवढी असेल तर एक, मांडीवरून वर जांघेच्याही पलीकडे गेली तर पाच, आणि पाच म्हणजे काय ते मी इथे लिहीत नाही. मी पांघरूण बाजूला केलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून गुडघे बघायला लागले. नवरा जागा झाला. "काय करतेयस?" "स्कोअर बघतेय." "कोण खेळतंय?" म्हणाला आणि उत्तर ऐकायच्या आत परत घोरायला लागला. शून्य होता. दोन्ही गुडघे शून्य.

झोप तर उडालीच होती, मग वाचत बसले, आणि जसजशी वाचत गेले तसतशी जास्तच चिडत गेले. कारण ह्या जगात ज्याच्या ज्याच्या अंगावर चट्टे आहेत त्याचं त्याचं भलं झालंय. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये लोक ट्युलिपच्या कांद्यांपायी वेडे झाले होते, १६३७ च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला, आणि त्यात सगळ्यात महाग काय, तर ज्याच्या पाकळ्यांवर रंग फुटून ज्वाळांसारख्या रेघा उठल्यात ते फूल. ते तसं का होतं हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. १९२८ मध्ये डोरोथी केली नावाच्या बाईंनी दाखवलं की ही लागण आहे, एका कांद्यातून दुसऱ्यात जाते. तो व्हायरस निघाला, मावा किडा तो पसरवतो आणि झाड हळूहळू अशक्त होत जातं. म्हणजे रोगट फुलासाठी लोकांनी इस्टेटी लावल्या, आणि माझी साधी सनस्क्रीनची ॲलर्जी मिटिंगमध्ये चर्चेला.

मांजरांचं तर बघायलाच नको. ती काळी-तांबडी-पांढरी मांजर असते ना, ती जवळजवळ नेहमी मादीच. कारण मादीत एक्स क्रोमोझोम दोन असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एक गप्प बसतो, कुठल्या पेशीत कुठला ते नशिबावर, मग एका ठिकाणी तांबडा, दुसरीकडे काळा, असे चट्टे. (पांढरा वेगळ्या जनुकाचा.) ही गोष्ट मेरी लायन ह्यांनी १९६१ साली मांडली, आणि ती मांजरांवर नाही, उंदरांवर. आणि त्या उंदरांच्या प्रकारांची नावं काय असावीत? मॉटल्ड, ब्रिंडल्ड, डॅपल्ड. खरंच! एका जनुकाचं नावच मॉटल्ड. शरीरात तांब्याची ने-आण करायचं काम त्याचं. मला हे वाचून इतका आनंद झाला की नवऱ्याला उठवणार होते.

बार्बरा मॅक्लिन्टॉक ह्यांचंही तेच. मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघत बसल्या, वर्षानुवर्षं, आणि त्यावरून सांगितलं की जनुकं जागा बदलतात, उड्या मारतात. कित्येक वर्षं कोणी फार मनावर घेतलं नाही. १९८३ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्या एक्याऐंशीच्या होत्या. एका दाण्यावरचे ठिपके इतक्या आदराने बघणारं माणूस जगात होऊन गेलं, आणि आमच्या टीममध्ये काय तर, "लाइट ठीक आहे."

आता खरं काय खुपतंय ते सांगते, कारण गमतीगमतीत ते राहून जाईल. ब्लॉची म्हणायला आधी एक ‘नीट’ रंग धरावा लागतो, आणि तो नीट रंग कोणाचा? डिक्शनरीत लिहिलंय लालसर चट्टे. लालसर कोणाच्या कातडीवर दिसतं? गोऱ्या. सावळ्या कातडीवर तीच आग तपकिरी दिसते, जांभळट दिसते, करडी दिसते, कधी कधी दिसतच नाही, हाताला गरम लागते तेव्हा कळते. त्वचारोगाच्या पुस्तकांतले फोटो वर्षानुवर्षं बहुतेक गोऱ्यांचे, त्यामुळे शिकणाऱ्याचा डोळाही तसाच तयार होतो. म्हणजे एरवी ज्या रंगामुळे मला आयुष्यभर ‘उजळ कर, हे लाव ते लाव’ ऐकावं लागलं, त्याच रंगावर खरंच काही उठलं की ते कोणाला नीट वाचता येत नाही, नुसतं ‘कसंतरी दिसतंय’ एवढंच कळतं.

आणि कॅमेरा. तो तर फितूरच. १९५० च्या दशकापासून रंगीत फोटो नीट छापला जातोय का हे बघायला लॅबमध्ये एका गोऱ्या बाईचा फोटो लावलेला असायचा, शर्ली कार्ड म्हणायचे त्याला, ती छान दिसली की मशीन बरोबर. बाकीचे त्या हिशेबात बसले तर बसले. मग कोडॅकने तपकिरी रंगांवर काम केलं, तर ते कशामुळे म्हणतात? चॉकलेटवाल्या आणि लाकडी फर्निचरवाल्या कंपन्यांनी तक्रार केली की आमच्या मालाच्या छटा फोटोत कळत नाहीत. माणसं इतकी वर्षं काळी ठिक्कर नाहीतर राखाडी येत होती त्याचं काही नाही, पण कपाट नीट दिसलं पाहिजे. मला कोणी विचारलं तर मी ह्यापुढे मिटिंगला कपाट म्हणून बसेन, निदान शिसवी म्हणतील.

हे सगळं डोक्यात घेऊन मी दुसऱ्या दिवशी क्लिनिकला फोन केला. म्हटलं माझ्या फाइलमध्ये स्किन मॉटल्ड लिहिलंय ते काढा, ते एसीमुळे होतं, घरी येईपर्यंत गेलं पण.

"मॅडम, तिथे ऑप्शन चारच आहेत," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. "नॉर्मल, पेल, मॉटल्ड, अदर."

"मग अदर करा."

"अदर केलं की कारण टाकावं लागतं. काय टाकू?"

मी विचारात पडले. काकांचा नंबर घ्यायला हवा होता.

"बरं, नॉर्मल करा."

"नॉर्मल करते. पण मग क्रीमचं बिल क्लेममध्ये बसणार नाही मॅडम. स्किन नॉर्मल असेल तर क्रीम कशाला, असं विचारतात ते."

"मॉटल्ड असेल तर बसतं?"

"मॉटल्डला बसतं."

"मग राहू दे मॉटल्डच," मी म्हटलं. "फक्त एक करा, प्रिंटवर त्याचं स्पेलिंग चुकलंय. टी दोन असतात त्यात. एक वाढवा."

"ते सॉफ्टवेअरमध्येच तसं आहे मॅडम," ती म्हणाली, "ते सगळ्यांना तसंच येतं."